आपल्या तालुक्यातल्या सेलवनचा इतिहास कसा लिहावा

आबांच्या पत्र्याच्या पेटीत, पेन्शनच्या कागदांखाली, एटीएम कार्डाएवढं एक प्लास्टिक सापडलं. एका बाजूला अंगठ्याच्या नखाएवढी चौकोनी खाच आणि त्या खाचेचा एक कोपरा तिरका. सिमकार्ड मोडून घेतल्यावर उरलेली चौकट होती ती. मागे बॉलपेनने, आबांच्या त्या दाबून लिहिलेल्या अक्षरात, ९४२२ ने सुरू होणारा नंबर. मी विचारलं, "हे कशाला ठेवलंत?" तर म्हणाले, "अगं, पहिलं आहे ते. पहिलं कुणी टाकतं का?"

आबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. पी अँड टी, म्हणजे टपाल-तार खात्यात लागले, १९८५ मध्ये टपाल आणि दूरसंचार वेगळे झाले तेव्हा दूरसंचारात राहिले, आणि १ ऑक्टोबर २००० ला खात्याची भारत संचार निगम लिमिटेड ही कंपनी झाली तेव्हा बीएसएनएलचे झाले. काम तेच राहिलं, खांबावर चढायचं. मी सातारा जिल्ह्यातल्या पाटणला वाचनालयात ग्रंथपाल आहे. गावाचा इतिहास लिहायला मुलं येतात, दातेगडापासून सुरुवात करतात आणि स्वातंत्र्यापाशी थांबतात. मोबाइल, म्हणजे आमच्याकडे बीएसएनएलचं सेलवन, कोयनेच्या खोऱ्यात कसा आला हे कुठल्याच वहीत नसतं. ते कार्ड सापडल्यापासून दोन वर्षं मी हेच गोळा करते आहे. कुठून सुरुवात करायची, काय विचारायचं, काय करू नये, हे करता करता समजलं. तुमच्या तालुक्यासाठी कुणी हे करायला घेणार असेल तर त्यांच्यासाठी लिहिते.

पहिल्या पानावर देशाची गोष्ट

गावातली माणसं साल चुकवतात. म्हणून त्यांच्याकडे जाण्याआधी पक्क्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नंतर प्रत्येक आठवण या पानाशी ताडून बघायची आहे.

३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. तेव्हा सेवा खाजगी कंपन्यांचीच होती, चार महानगरांत प्रत्येकी दोन. मुंबईत मॅक्स टच आणि बीपीएल मोबाइल. त्यांचे नंबर ९८२० आणि ९८२१. मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून वेगळं सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग, तिथे बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल, नंबर ९८२२ आणि ९८२३. बिर्ला एटी अँड टी मध्ये पुढे टाटा आले आणि २००२ मध्ये तिचं नाव आयडिया झालं. बोलायचा कमाल दर सुरुवातीला मिनिटाला १६ रुपये ८० पैसे होता आणि आलेला कॉल उचलला तरी पैसे पडत. १९९५ मध्ये मिनिटाला एवढे पैसे कोण देणार, याचा विचार केला की मोबाइल शहरातच का राहिला ते वेगळं सांगावं लागत नाही.

सरकारला या धंद्यात उतरायची वाट १९९९ च्या दूरसंचार धोरणाने मोकळी करून दिली, तिसरा सेवा देणारा म्हणून. मुंबई आणि दिल्लीत एमटीएनएल ही सरकारी कंपनी होती. त्यांची मोबाइल सेवा डॉल्फिन २००१ मध्ये सुरू झाली, मुंबईतले नंबर ९८६९. बाकीच्या देशासाठी बीएसएनएलने सेलवन आणलं. १९ ऑक्टोबर २००२ ला पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींनी लखनौत, म्हणजे त्यांच्या मतदारसंघात, त्याचं उद्घाटन केलं. तेव्हाचे दूरसंचार मंत्री होते प्रमोद महाजन. त्यानंतर लगेच, २८ डिसेंबर २००२ ला, रिलायन्स इन्फोकॉम आली. १ मे २००३ पासून आलेल्या कॉलचे पैसे बंद झाले. ऑक्टोबर २००४ मध्ये देशातल्या मोबाइलांची संख्या लँडलाइनच्या पुढे गेली. १ मार्च २००६ ला बीएसएनएलची 'वन इंडिया' योजना आली, देशात कुठेही मिनिटाला एक रुपया. २० जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली.

एवढं पान पुरे. यातली १ मे २००३ ही तारीख लाल शाईने लिहा. ती महाराष्ट्र दिनाची असल्याने लक्षात राहते आणि माणसाला साल आठवत नसलं तरी कॉल घ्यायला पैसे पडत होते का, हे मात्र पक्कं आठवतं.

याच पानावर एक कारणही लिहून ठेवा, नाहीतर पुढचं काही उलगडणार नाही. खाजगी कंपन्यांनी आधी शहरं आणि हमरस्ते धरले. बीएसएनएलकडे तालुक्याच्या गावात आणि पुढे मोठ्या खेड्यांतसुद्धा एक्स्चेंजची इमारत होती, बॅटरी रूम होती, वीज गेली तर इंजिन होतं, बऱ्याच ठिकाणी फायबर आलेलं होतं आणि रात्री-अपरात्री धावणारी माणसं होती. मोबाइलचा बीटीएस, म्हणजे टॉवरवरच्या अँटेनांना जोडलेलं यंत्र, बसवायला हेच सगळं लागतं. सेलवन तालुक्यापर्यंत पोचलं ते या आधीच्या वीस-तीस वर्षांच्या कामाच्या पाठीवर बसून, आणि ते काम आबांसारख्यांचं आहे. माझ्या मते सगळ्या इतिहासात हीच बाब सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच कुणी लिहीत नाही.

नंबर गोळा करा

मोबाइल नंबर हा दस्तऐवज आहे. महाराष्ट्र-गोव्यात सेलवनची पहिली मालिका ९४२२. नंतर ९४२३, ९४२०, ९४२१ आल्या, पुढे ९४०३, ९४०४, ९४०५. पहिले चार आकडे वगळले की सहा उरतात, म्हणजे एका मालिकेत दहा लाख नंबर. नवी मालिका उघडली याचा अर्थ आधीची भरत आली. तुमच्या गल्लीत ९४२२ किती आणि ९४०५ किती हे मोजलंत तर मोबाइल कुठल्या घरात आधी शिरला हे समोर येतं. आमच्याकडे आधी तो टेलिफोन ऑफिसातल्यांच्या घरी, मग डॉक्टर, कंत्राटदार, पतसंस्थेचे मॅनेजर, आणि शिक्षकांकडे वेतन आयोगाचा फरक हातात आल्यावर.

दोन गोष्टी सांभाळा. बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्याला दिला जातो, तेव्हा "हा नंबर पहिल्यापासून तुमचाच का?" हे विचारल्याशिवाय वहीत घेऊ नका. आणि २०११ नंतर ९४२२ वाला माणूस दुसऱ्याच कंपनीत असू शकतो. नंबरावरून जन्म कळतो, आजचा पत्ता कळत नाही. वहीत शेवटचे चार आकडे लिहूच नका. इतिहासाला पहिले सहा पुरतात आणि कुणाचा नंबर कुणाच्या हाती लागत नाही.

नंबर शोधायची उत्तम जागा म्हणजे लँडलाइनशेजारची भिंत. मोरगिरीकडच्या एका घरात मला अशी भिंत मिळाली. सगळ्यात खाली पेन्सिलने पाच आकडी नंबर, पुसट झालेले. त्यावर निळ्या शाईत त्याच माणसांचे सहा आकडी, पुढे २ जोडलेले. लँडलाइनच्या नंबरांना पुढे २ लागला तो २००२-०३ च्या सुमारास, म्हणजे त्या रेषेवर साल आपोआप मिळालं. त्याच्या बाजूला 'मामा मुंबई' आणि ९८६९. मामा माथाडी कामगार, मुंबईत डॉल्फिन घेतलेला. आणि अगदी वर, खुर्चीवर चढून लिहिलेला असावा असा, घरातल्या थोरल्याचा ९४२२. आमच्या तालुक्यातलं घर म्हटलं की एक पाय इथे आणि एक पाय मुंबईत. मुंबईत बीएसएनएलचा टॉवर नव्हता, म्हणून एकाच घरात सरकारी दोन कंपन्यांचे नंबर. ही गोष्ट मला कुठल्या अहवालात दिसली नव्हती, भिंतीवर दिसली.

अशी भिंत मिळाली तर त्याच दिवशी फोटो काढा. दिवाळीला रंग लागतो. सकाळच्या तिरप्या उजेडात काढलात तर पेन्सिलीचं अक्षरही उठतं.

वस्तू आणि कागद

शोधायचं काय? सिमची चौकट, तिचं कागदी पाकीट, जुनी पोस्टपेड बिलं, भरणा पावत्या, 'एक्सेल' या प्रीपेडची खरवडलेली कूपनं, हँडसेटची वॉरंटी कार्डं. सिमकार्डावर किंवा चौकटीवर १९-२० आकड्यांचा लांब क्रमांक असतो. तो ८९९१ ने सुरू होतो: ८९ म्हणजे दूरसंचार, ९१ म्हणजे भारत. हा क्रमांक आणि मोबाइल नंबर वेगवेगळे, लोक हमखास गोंधळतात. चौकटीवर पिन आणि पीयूके हे सिमचे गुप्त क्रमांक छापलेले असतील तर फोटोत ते झाका.

कागदाबाबत माझ्या हातून झालेलं नुकसान सांगते, तुमच्याकडून होऊ नये म्हणून. एका पीसीओवाल्याने, म्हणजे सार्वजनिक फोनबूथवाल्याने, मला पावत्यांची गुंडाळी दिली होती. त्याच्या मशीनमधून निघालेल्या, मुंबईच्या कॉलच्या. पीसीओ ओस पडायला लागले त्या शेवटच्या महिन्यांतल्या. त्या चांगल्या टिकाव्यात म्हणून मी चार पावत्या लॅमिनेट करून आणल्या. दोन कागद थर्मल होते. उष्णतेने सबंध काळे झाले. एक अक्षर राहिलं नाही. मी त्यांचा आधी फोटोही काढला नव्हता. आजही ती काळी पट्टी बघवत नाही.

तर, पावती हातात आली की पहिल्यांदा फोटो. मग साधी झेरॉक्स. थर्मल कागद ओळखायचा असेल तर कोपऱ्यावर नखाने हलकी रेघ ओढा, काळी उमटली तर थर्मल. तो उन्हात ठेवायचा नाही, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचा नाही, चिकटपट्टी लावायची नाही. कागदी पाकिटात, अंधारात. पाकिटावर पेन्सिलने: कुणाकडून मिळालं, कोणत्या तारखेला, त्यांनी तेव्हा काय सांगितलं.

आणि पावतीवरची तारीख ही त्या माणसाची तारीख आहे, तालुक्याची नाही. "पाटणला मोबाइल या दिवशी आला" असं एका पावतीवरून कधी लिहू नका.

वस्तू हातात देऊन मग विचारा

हे मी आबांकडून शिकले. पेटी उघडण्याच्या कितीतरी आधी मी त्यांना विचारलं होतं, "आबा, मोबाइल कधी घेतला तुम्ही?" म्हणाले, "दोन हजार साली." ठाम. ते शक्यच नव्हतं, लखनौचं उद्घाटनच २००२ च्या ऑक्टोबरमधलं. मी वाद घातला नाही. कार्ड सापडल्यावर ते त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि विचारलं, "हे घेऊन घरी आलात त्या दिवशी काय झालं होतं?"

त्यांनी चौकटीच्या खाचेवरून अंगठा फिरवला. "ह्यो मोडताना भीती वाटली होती. चिप तुटंल म्हणून. कराडला दवाखान्याच्या पायरीवर बसून बसवलं. तुझ्या वहिनीला नेलं होतं ना. पहिला कॉल तोच, पोरगी झाली म्हणून."

भाचीचा जन्मदाखला काढला: फेब्रुवारी २००३. आबांचं पहिलं सिम असं तारखेला बसलं.

'कधी' हा प्रश्न विचारूच नका. घरात कोण आजारी होतं, कुणाचं लग्न होतं, २६ जुलै २००५ च्या पावसात हातात मोबाइल होता का, २००४ च्या विधानसभेला उमेदवाराचा मेसेज आला होता का, असं विचारा. खाजगी कंपनीचा जुना ग्राहक भेटला तर लाल शाईची तारीख वापरा. मल्हारपेठेतले एक व्यापारी ९८२२ वाले. साल आठवेना. "आलेला कॉल उचलायचात का?" म्हटल्यावर लगेच हसले. "छे. नंबर बघायचा, कट करायचा आणि समोरच्या पीसीओतून लावायचा." म्हणजे १ मे २००३ च्या आधीचा मोबाइल. मिस्ड कॉल हा शब्द खोऱ्यात कसा रुजला तेही त्यातूनच समजलं.

टेलिफोन ऑफिसातल्या लोकांशी बोलायला एक पूर्ण महिना ठेवा. ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलच्या ७८ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांनी एका दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेतली. तुमच्या तालुक्यातही त्यातले कुणी ना कुणी असतील. आज ते घरी आहेत, त्यांना वेळ आहे, आणि त्यांना सहसा कुणी हे विचारत नाही. त्यांच्याशी त्यांच्या शब्दांत बोला: बीटीएस कुठल्या खोलीत बसला, पॉवर प्लांट आधीचाच वापरला की नवा आला, इंजिनाचं डिझेल कोण आणायचं, फायबर कुठून कुठे येतं, तुटलं तर सांधायला कोण जायचं. 'मोबाइलचा इतिहास सांगा' म्हटलं तर दोन वाक्यांत संपवतात. 'फायबर तुटलं की काय करायचात' म्हटलं तर चहा दोनदा होतो. रेकॉर्डिंग करण्याआधी विचारा, आणि नाव छापू का हे शेवटी पुन्हा एकदा विचारा.

रेंजचा नकाशा

हा भाग डोंगरी तालुक्यातल्यांनी अजिबात टाळू नये. जीएसएम टॉवरची पोच जास्तीत जास्त ३५ किलोमीटरच्या आसपास असते, पण ते सपाटीवर. डोंगराची एक सोंड आडवी आली की पलीकडे काही नाही. आमच्याकडे हेळवाकच्या बाजूला, ढेबेवाडीच्या खोऱ्यात, प्रत्येक वाडीला रेंजची अशी एक जागा होती. कुठे देवळाची पायरी, कुठे एसटीच्या शेडचा मागचा कोपरा. एका वाडीत शिवेवरच्या कातळाला अजून 'फोनचा दगड' म्हणतात. संध्याकाळी सहाला मुंबईचे फोन यायचे म्हणून बायका भाकऱ्या टाकून तिथे जाऊन बसायच्या. एकच मोबाइल, पाच घरांचा. ज्याचा फोन येईल त्याला हाक. कोण कुणाशी काय बोललं ते सगळ्यांना ऐकू जायचं, आणि तरी नव्या सुनेचा फोन आला की बाकीच्या जरा लांब जाऊन बसायच्या. एका आजींनी मला हे त्या दगडावर बसून सांगितलं. घरी बसून सांगितलं असतं तर एवढं सांगितलं नसतं, म्हणून शक्यतो जागेवर जा.

नकाशासाठी गुगलची गरज नाही. तालुक्याचा साधा नकाशा झेरॉक्स करा, वाडीच्या नावावर टिंब काढा, शेजारी लिहा: रेंज कुठे मिळायची, तिथून टॉवर कुठल्या दिशेला, तिथे उभं राहणं कधी बंद झालं. आठ-दहा वाड्या झाल्या की दिसतं: ही टिंबं टॉवरकडे तोंड करून ओळीने उभी राहतात.

वर्तमानपत्र शेवटी

लोक आधी इकडे धावतात. मी शेवटी जायला सांगते, कारण काय शोधायचं हे माहीत नसेल तर फाइली उलटण्यात उन्हाळा जातो. जिल्ह्याच्या गावातल्या मोठ्या वाचनालयात सकाळ, लोकमत, पुढारी, तरुण भारत यांच्या जुन्या फाइली असतात. ऑक्टोबर २००२ पासून वर्षभराच्या बघा. पहिलं पान सोडून द्या. जिल्ह्याचं पान, जाहिराती आणि निविदा बघा. टॉवरच्या कामाच्या निविदा, सिम कुठे मिळेल याच्या सूचना, हँडसेटच्या दुकानांच्या दिवाळीच्या जाहिराती, त्यांवरचे दर.

बातमीत उद्घाटनाची तारीख मिळाली तर ती उद्घाटनाचीच समजा. टॉवर त्याआधी चाचणीवर चालू झालेला असतो आणि सिम कधीकधी नंतर हातात पडतात. तिन्ही तारखा वेगळ्या लिहा. माणसांनी सांगितलेलं आणि छापलेलं जुळत नसेल तर दोन्ही ठेवा, एकाला खोडून दुसरं लिहू नका. मोठ्या आकड्यांसाठी ट्राय या दूरसंचार नियामकाचे अहवाल आणि संसदेतली प्रश्नोत्तरं आहेत, ती इंटरनेटवर मिळतात. पण त्यात सर्कलपर्यंतचे आकडे असतात, तालुका शोधत बसू नका.

लिहा आणि वाचून दाखवा

लिहिताना मोबाइलपासून सुरू करू नका. तुमच्या गावातल्या पहिल्या एक्स्चेंजपासून, ट्रंक कॉलपासून, तारेच्या खांबांपासून सुरू करा. पंचवीस-तीस पानं झाली तरी चालेल. प्रत्येक बाबीपुढे समासात लिहा: ही वस्तूवरून, ही माणसाच्या तोंडून, ही छापील. नंतर येणाऱ्याला कशावर किती भरवसा ठेवायचा हे त्यावरून ठरवता येतं.

मग ज्यांनी सांगितलं त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. हे टाळू नका. माझा मसुदा मी आबांना ओसरीवर वाचून दाखवला. ते डोळे मिटून ऐकत होते. 'सेलवनसाठी टेलिफोन ऑफिसच्या आवारात टॉवर उभारण्यात आला' या वाक्याला त्यांनी हात वर केला.

"थांब. टॉवर उभारला न्हाई."

"म्हणजे?"

"टॉवर आधीचाच. मायक्रोवेव्हचा. आम्ही रंगवायला चढायचो त्यावर. सेलवनच्या अँटेना तेवढ्या वर चढवल्या. तीन बाजूंना तीन. दोर मी धरला होता खालून."

मी वाक्य खोडलं आणि ते सांगतील तसं लिहून घेतलं. समासात लिहिलं: लाइनमनच्या तोंडून. त्याची एक प्रत आता वाचनालयात आहे, स्थानिक इतिहासाच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर. शेजारच्या कागदी पाकिटात ती सिमची चौकट.